ब्रह्माचे पाय

आज सकाळी मी पडवीत बसून कोंबड्याचे पाय हेअर ड्रायरने वाळवत होतो आणि नेमके तेव्हाच शेजारचे भाई कुंपणापाशी येऊन उभे राहिले.

कोंबडा ब्रह्मा जातीचा, पाच किलोच्या वर, पायांना थेट बोटांपर्यंत पिसं, म्हणजे झालर लावलेली सलवारच. फोंड्याच्या पावसात ही सलवार रोज चिखलात लडबडते, चिखलाचे गोळे बोटांना घट्ट चिकटतात आणि मग साहेब लंगडतात. त्यात जूनमध्ये रस्ता खोदणाऱ्यांनी आमचं गटार बुजवून टाकलंय, तक्रार केली तर म्हणे पाऊस गेला की बघू. अरे, पाऊस गेल्यावर गटार घेऊन करू काय?

तर भाई. बराच वेळ नुसतेच बघत होते.

"बायकोचा काय रे?"

"कोंबडा?"

"मशीन."

"हो."

"तिला माहितीय?"

मी गप्प.

"वजन किती?"

"साडेपाच किलो."

"पिसांसकट?"

म्हटलं भाई, हा शोभेचा आहे. तर शोभेचा म्हणजे काय, शोकेसमध्ये ठेवणार? नाव विचारलं, सांगितलं, आणि भडकलेच. "सत्तरीत ब्रह्मकरमळीला ब्रह्मदेवाचं देऊळ आहे, पोर्तुगीजांच्या काळात मूर्ती तिसवाडीतून हलवून तिथे नेली लोकांनी, आणि तू कोंबड्याला देवाचं नाव ठेवतोस?" मी म्हटलं मी नाही हो ठेवलं, ब्रह्मपुत्रेवरून पडलंय, मूळ पक्षी शांघायहून अमेरिकेला गेले, तिथे ही जात तयार झाली, 1852 साली राणी व्हिक्टोरियाला 9 पक्षी भेट पाठवले होते...

"राणीनं खाल्ले?"

आता राणीकडे पाय धुवायला माणसं असणार, माझ्याकडे मीच. बरं, एवढं जड धूड उंचावरून उडी मारून पाय दुखावून घेईल म्हणून बसायची दांडी जमिनीपासून हातभर ठेवलीय, सुताराने त्याचे पैसे घेताना तोंड फिरवून हसून घेतलं ते मी विसरलेलो नाही.

भाई तोवर बोटांवर मोजत होते. श्रावण कधी संपतो, चवथ कधी, गणपती दीड दिवसांचे की पाच. मी म्हटलं भाई, नाही म्हणजे नाही. "बरं बाबा," म्हणाले आणि गेले, जाताना कोंबड्याकडे असं बघितलं की त्याने पाय आत ओढला.

संध्याकाळी बघतो तर कुंपणावर दोन सोललेले नारळ आणि पुडीत खसखस.