मीठ नको, चमचा तर नकोच

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. बिडाचा तवा सोड्याच्या पाण्यात बुडवून, बॅटरी चार्जर लावून त्याचा गंज कसा काढला, त्या लेखाबद्दल तुमचं म्हणणं असं: धुण्याचा सोडा शोधण्यापेक्षा मूठभर मीठ टाकावं, चार्जरच्या प्लसला जोडलेल्या लोखंडी सळईऐवजी स्टीलचा चमचा लावावा, काम निम्म्या वेळात होतं. आणि मी सोड्याचं प्रमाणच दिलेलं नाही.

प्रमाणाची चूक माझी. ‘थोडा सोडा’ असं लिहायला नको होतं. लिटरभर पाण्याला चहाचा एक सपाट चमचा, म्हणजे साधारण 5 ग्रॅम. आधी तो पूर्ण विरघळू द्यायचा, मगच 12 व्होल्टचा चार्जर जोडायचा. सोडा संपत नाही, तो फक्त पाण्यातून वीज वाहू देतो. फुटतं ते पाणी: तव्यापाशी हायड्रोजन, सळईपाशी ऑक्सिजन. पातळी उतरली की नुसतं पाणी घाला. (तवा मायनसलाच हवा. उलट जोडलात तर तवाच झिजायला लागेल.)

मीठ आणि चमच्याचं मात्र मला अजिबात पटत नाही. मिठाच्या पाण्यातून वीज गेली की क्लोरीन वायू सुटू शकतो. बंद बाथरूममध्ये तो घशाला आणि फुप्फुसांना झोंबतो. चमचा गंजत नाही म्हणून तुम्हाला तो बरा वाटतो. पण तो गंजत नाही तो त्यातल्या क्रोमियममुळे, आणि स्टेनलेस स्टीलमध्ये ते किमान 10.5 टक्के असतं. प्लसला जोडल्यावर हेच क्रोमियम पाण्यात उतरून सहासंयुजी (म्हणजे त्याचं एक वेगळं रासायनिक रूप) होऊ शकतं. ते कर्करोगकारक आहे. ज्या तव्यावर उद्या भाकरी टाकायची, तो त्या पाण्यात का बुडवायचा?

सळई कुरूप दिसते, कबूल. तासाभरात तिच्यावर तपकिरी गाळाची साय धरते, ती खरवडावी लागते. पण तो नुसता लोखंडाचा गंज असतो. माझा तवा रात्रभर गॅलरीत, उघड्यावर होता, कारण हायड्रोजन पेट घेतो. सकाळी चार्जर बंद करून अंगठा फिरवला, तर काळी भुकटी हाताला आली आणि खाली राखाडी बीड दिसलं. घासून, धुऊन लगेच गॅसवर तापवला आणि तेल लावलं. पाच मिनिटं ओला ठेवला असता तर परत तांबूस झाला असता.

तुम्ही चमचा लावून झालेलं पाणी अजून बादलीत असेल, तर कृपा करून मोरीत किंवा कुंडीत ओतू नका. हातमोजे घालून झाकणाच्या डब्यात भरा आणि घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्या.