अर्धा पेला रस

वाढदिवसाला मुलीने ज्यूसर दिला. बापाला शर्ट द्यायचे दिवस संपले, आता तब्येतीच्या वस्तू मिळणार, हे तेव्हाच उमगलं.

पहिल्या सकाळी अर्धा किलो गाजरं धुतली, तासली, दोन सफरचंदं आणि आल्याचा बोटभर तुकडा घेऊन बटण दाबलं. आत एक गोल किसणी आणि जाळी गरगर फिरते. रस जाळीतून बाहेर फेकला जातो, चोथा मागच्या डब्यात उडतो. थोडक्यात, वॉशिंग मशीनचा ड्रायर, फक्त गाजरांसाठी. आवाज असा की वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी गॅलरीतून विचारलं, "ड्रिलिंग अजून किती दिवस?"

रस निघाला दोन पेले. फेस खाली बसला तेव्हा कळलं, तो फारच आशावादी अंदाज होता. घरात माणसं चार. वाट्याला धड अर्धा अर्धा पेलाही आला नाही.

"चोथा मात्र भरपूर निघाला हो," आई कौतुकाने म्हणाली. मग जरा थांबून, "तुझे दात आहेत ना रे अजून?"

खरी करमणूक पुढे होती. सुटे भाग सात. सहा नळाखाली धरले की स्वच्छ. सातवी ती जाळी. गाजराचे तंतू तिच्या भोकाभोकांत असे रुतून बसतात, जणू भाडेकरूच. लगेच घासली तर पंधरा मिनिटं. 'आधी पिऊन घेऊ' म्हणालात, तर तोवर ते वाळून काथ्या होतो. मी जुना टूथब्रश, टाचणी, शेवटी दात कोरायची काडी, सगळं करून पाहिलं. दुसऱ्या दिवशी जाळी हळूच सिंकमध्ये सरकवली, तर भांडीवाल्या मावशींनी ती उजेडात धरून आरपार माझ्याकडे पाहिलं. "दादा, हे भांड्यात धरायचं का मशिनीत? मशिनीचे वेगळे पैसे पडतील."

मग आलं बीट. ओटा, टाइल्स, माझा बनियन असा सगळ्यांना रंग लागला, पण त्याचं काही नाही. पुढच्या सकाळी बाथरूममध्ये जे लाल दिसलं, त्यानंतर मी वीस मिनिटं बँकेत नॉमिनी कोण लावलाय ते आठवत बसलो होतो. बिटाने काहींची लघवी लालसर होते, घाबरायचं कारण नाही, असं डॉक्टर फोनवर म्हणाले. हसणं थांबल्यावर.

सध्या दुधी चालू आहे. कडू दुधीत कुकरबिटासिन नावाचं विषारी द्रव्य असतं, त्याच्या रसाने रक्ताच्या उलट्या होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो, हे बायकोने वाचून काढलंय. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने सांगूनच ठेवलंय म्हणे: रस काढण्याआधी छोटी फोड चाखून बघा, कडू लागली तर अख्खा दुधी टाकून द्या. चाखायची कोणी, यावर समितीने मौन पाळलं असावं.

आमच्याकडे तो प्रश्न चर्चेविना सुटला. रोज सव्वासहाला बायको सुरीच्या टोकावर फोड घेऊन उभी असते. "अहो, आ करा."

मी आ करतो. ती, आई आणि मुलगी माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघतात. पेले तिघींच्याही हातात तयार असतात.