‘फिजिक्स घेऊन काय तारे मोजणार?’: एका ढकलपत्राला उत्तर

बारावीचा निकाल लागला की व्हॉट्सॲपवर एक सल्ला हमखास फिरायला लागतो. शब्द दरवर्षी थोडे बदलतात, मजकूर साधारण असा: ‘पालकांनो, मुलाला बीएस्सी फिजिक्सला घालू नका, शेवटी शिकवण्याच घ्याव्या लागतात. खगोलशास्त्राचं खूळ असेल तर भारतात दुर्बिणीच नाहीत. खरं काम नासात, आणि तिथे ३६ टक्के आपलेच लोक आहेत. पीएचडी म्हणजे तिशीपर्यंत बापाच्या जिवावर. आयआयटीचा शिक्का नसेल तर कोणी दारात उभं करत नाही. आधी इंजिनिअरिंग, आवड नंतर.’ खाली हात जोडलेले दोन इमोजी.

नासाचं आधी उरकून टाकू. ३६ टक्क्यांचा आकडा अशाच एका जुन्या ईमेल ढकलपत्रातला आहे. मार्च २००८ मध्ये तो चक्क राज्यसभेत मंत्र्यांच्या तोंडून आला, वर्तमानपत्रांनी छापला आणि मग त्याला कसलाच आधार नसल्याचं उघड झालं. तरी तो मरत नाही. नासातली थेट नोकरी ही अमेरिकेची सरकारी नोकरी असते आणि तिला साधारणपणे तिथलं नागरिकत्व लागतं. त्यामुळे ‘नासा’ या दोन अक्षरांवर फी उकळणाऱ्या सहली आणि प्रमाणपत्रं यांचा करिअरशी संबंध जोडू नये.

‘भारतात दुर्बिणीच नाहीत’ हे मात्र महाराष्ट्रात बसून कोणी लिहावं याचं नवल वाटतं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही अवकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी दुर्बीण उभी आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यातल्या १४ मध्यभागी आणि उरलेल्या १६ तीन दिशांना इंग्रजी वाय अक्षरासारख्या, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. पत्र्याऐवजी स्टीलच्या तारांची जाळी ताणून तबकडी हलकी आणि स्वस्त करायची ही रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची युक्ती. पुण्याची एनसीआरए ही रेडिओ खगोलशास्त्राची संशोधन संस्था ही दुर्बीण चालवते. जगभरातले खगोलशास्त्रज्ञ तिच्यावर वेळ मिळावा म्हणून वर्षातून दोनदा प्रस्ताव पाठवतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांना नकार येतो. २०२३ च्या जूनमध्ये अतिदीर्घ लांबीच्या गुरुत्वीय लहरींच्या खुणा सापडल्याचं जगातल्या काही गटांनी एकाच वेळी जाहीर केलं, तेव्हा युरोपीय गटाबरोबर भारतीय गटही होता आणि त्याची निरीक्षणं खोडदची होती. दरवर्षी विज्ञानदिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, तिथे लोकांना आत सोडतात. ज्यांना दुर्बिणी दिसत नाहीत त्यांनी एकदा जाऊन यावं.

बाकीची यादी थोडक्यात. गिरवलीला आयुका या पुण्याच्या खगोलशास्त्र संस्थेची दोन मीटरची दुर्बीण आहे. लडाखमध्ये हानले इथे सुमारे ४,५०० मीटर उंचीवर हिमालयन चंद्रा दुर्बीण आहे. अ‍ॅस्ट्रोसॅट हा भारताचा खगोलनिरीक्षणाचा उपग्रह २०१५ मध्ये अवकाशात गेला. २०२३ मध्ये गेलेल्या आदित्य एल-१ या सूर्याचा अभ्यास करणाऱ्या यानावरची सूर्याची अतिनील छायाचित्रं घेणारी दुर्बीण पुण्यात आयुकामध्ये तयार झाली. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा व्हायची आहे; केंद्राने २०२३ मध्ये त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले.

या सल्ल्यातलं खगोलशास्त्रज्ञाचं चित्र अजून गच्चीवरच अडकलंय: स्वेटर, कानटोपी आणि दुर्बिणीला लावलेला डोळा. हानलेच्या दुर्बिणीवर निरीक्षण करणारा माणूस बसलेला असतो बंगळुरूजवळच्या होसकोटेला. आज्ञा आणि चित्रं उपग्रहामार्फत जातात-येतात. रेडिओ दुर्बीण तर भर दुपारी, ढगाळ हवेतही चालते.

खोडदच्या निरीक्षणांवर काम करणारी पीएचडीची मुलगी दिवसभर काय करते ते बघा. ३० तबकड्यांच्या जोड्या होतात ४३५. प्रत्येक जोडीची नोंद वेगळी, काही सेकंदांना एक, आणि तीही शेकडो फ्रिक्वेन्सींवर. त्यात मोबाइलचे मनोरे, विमानं, उपग्रह, कुठेतरी ठिणग्या उडवणारी विजेची तार, सगळ्यांचा कचरा मिसळलेला. पहिलं काम हा कचरा शोधून बाजूला काढायचं. अमुक जोडी अमुक मिनिटाला बिघडलेली, टाकून द्या. तमुक तबकडी आज रुसलेली, तीही वगळा. मग आकाशातल्या थ्रीसी २८६ सारख्या रेडिओ स्रोताकडे वळायचं. त्याची तेजस्विता आधीपासून नीट ठाऊक असते, त्यामुळे त्याच्याशी ताडून सगळ्या नोंदी मापात आणता येतात. त्यानंतर कुठे चित्र बनतं, आणि पहिलं चित्र बहुतेकदा रेघोट्यांनी भरलेलं असतं. पुन्हा मागे, पुन्हा सफाई. सगळं लिनक्स आणि पायथनवर. यातलं निम्मं काम म्हणजे सिग्नल प्रोसेसिंग आणि संख्याशास्त्र. ताऱ्यांविषयी विचार करायला वेळ मिळतो तो त्यानंतर.

पहिल्या दाव्याचं, म्हणजे ‘शेवटी शिकवण्याच’ याचं, उत्तर इथूनच सुरू होतं. असं काम पाच वर्षं केलेल्या माणसाला डेटाच्या कामासाठी इतर क्षेत्रंही घेतात. पण संशोधनाकडे न जाता केवळ एमएस्सी फिजिक्स करणाऱ्यांचं काय? त्यांच्यासाठी एक वाट आहे, जी आपल्याकडच्या कॉलेजांत फारशी कोणी सांगत नाही: मेडिकल फिजिक्स. कॅन्सरच्या रुग्णाला रेडिएशन देताना डोस किती, कुठल्या कोनातून आणि आजूबाजूचे अवयव कसे वाचवायचे याचा हिशेब डॉक्टरांच्या बरोबरीने मेडिकल फिजिसिस्ट करतो. रेडिओथेरपी देणाऱ्या रुग्णालयाला अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार असा माणूस ठेवावाच लागतो. बीएआरसी, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्र, यासाठी एमएस्सीनंतरचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा चालवतं. शिवाय बीएआरसीचं ट्रेनिंग स्कूल आहे, हवामान खातं आहे. आणि शिकवणं ही शिक्षा असल्यासारखं लिहिणाऱ्यांना बारावीपर्यंत फिजिक्स कोणी शिकवलं, हेही विचारायला हरकत नाही.

‘तिशीपर्यंत बापाच्या जिवावर’ हे वाक्य आकड्यांसमोर टिकत नाही. पीएचडीच्या सुरुवातीला मिळणाऱ्या जेआरएफ या फेलोशिपची रक्कम जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, पुढच्या टप्प्यावर एसआरएफ झाल्यावर ४२,०००, आणि वसतिगृह नसेल तर घरभाडं वेगळं. ही काही श्रीमंती नव्हे. इंजिनिअर झालेल्या मित्राच्या पगारापुढे ती कमीच वाटेल, आणि नेट या राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी फेलोशिप कधी कधी काही महिने रखडते ही तक्रार जुनी आहे. पण बापाच्या जिवावर? अनेक घरांत हेच पैसे उलट दिशेने जातात. पदवीच्या वर्षांसाठी केंद्र सरकारच्या इन्स्पायर योजनेची वर्षाला ८०,००० रुपयांची शिष्यवृत्ती आहे. बोर्डात वरच्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञानाला गेलेल्यांना ती मिळते. तालुक्याच्या कॉलेजात पात्र मुलं असतात, फक्त अर्ज भरायला कोणी सांगत नाही.

तिशीचं ते वाक्य जिथे खरं ठरतं तो मुद्दा ढकलपत्रात नाहीच. एमएस्सी तेविसाव्या वर्षी, पीएचडी अठ्ठाविसाव्या-एकोणतिसाव्या, मग दोन-तीन वर्षांच्या एक-दोन पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधन नोकऱ्या, बहुतेक परगावी किंवा परदेशी. कायम नोकरीचा विषय निघेपर्यंत पस्तिशी जवळ आलेली असते, आणि पीएचडी झालेल्या सगळ्यांना पुरतील इतक्या संशोधनाच्या जागा भारतात काय, कुठेच नाहीत. लग्न, घर, आईवडिलांचं आजारपण, सगळं याच काळात येतं. मुलींना तर या वेळापत्रकावरून घरात दुप्पट ऐकावं लागतं. आईवडिलांना काळजी करायची असेल तर ती याची करावी, आणि मुलाशी बोलताना हे लपवूही नये. पण ही अडचण जागांच्या संख्येची आहे. त्यावरून विषयाला भिकेचा कटोरा ठरवणं म्हणजे आयपीएलमध्ये दहाच संघ आहेत म्हणून पोराला मैदानावरच जाऊ न देणं.

आता आयआयटीच्या शिक्क्याबद्दल. खगोलशास्त्रातल्या पीएचडीच्या वाटा जेस्ट, मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेची परीक्षा, आयुका-एनसीआरएची आयनॅट अशा प्रवेशपरीक्षांमधून जातात आणि पुढे मुलाखत असते. मुलाखतीत खडू हातात देतात. लोलकाचं समीकरण लिही, हे गृहीतक काढलं तर काय होईल, आता अंदाज सांग. तिथे पाठ केलेलं दोन मिनिटांत उघडं पडतं, मग गुणपत्रिका कुठल्या कॉलेजची का असेना. आयुका १९८८ मध्ये जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झाली तीच मुळी विद्यापीठांतल्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना संशोधनाच्या सोयी मिळाव्यात म्हणून.

तरी जिल्ह्याच्या ठिकाणचा मुलगा मागून धावायला लागतो, हे मान्य केलंच पाहिजे. प्रॅक्टिकलचं जर्नल मागच्या वर्षीच्या मुलाचं बघून उतरवलेलं, गणिताचे तास कमी, प्रश्न विचारायची सवय नाही, इंग्रजीची धास्ती. ही दरी भरायला सुट्ट्या वापराव्या लागतात. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींची मिळून उन्हाळी फेलोशिप आहे, तीत दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाबरोबर काम करता येतं. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा नियस हा पदवीच्या विद्यार्थ्यांचा उपक्रम आहे. आयुका आणि एनसीआरए उन्हाळी वर्ग आणि रेडिओ खगोलशास्त्राची हिवाळी शाळा घेतात. अर्ज बहुतेक सगळे ऑनलाइन असतात. ते कधी निघतात यावर लक्ष ठेवणारा एक शिक्षक कॉलेजात असला की पुष्कळ फरक पडतो.

राहिलं ‘आधी इंजिनिअरिंग’. सगळ्या मजकुरात हाच सल्ला अर्धामुर्धा बरा आहे. एनसीआरएसारख्या ठिकाणी इंजिनिअरिंगचे पदवीधरही पीएचडीला अर्ज करू शकतात, आणि रेडिओ दुर्बिणीच्या रिसीव्हरवर काम करायला इलेक्ट्रॉनिक्सची माणसं लागतातच. मात्र एक मेख आहे. इंजिनिअरिंगला फिजिक्स पहिल्या वर्षीच संपतं. प्रवेशपरीक्षेत क्वांटम मेकॅनिक्स, विद्युतचुंबकत्व, सांख्यिकीय भौतिकी हे सगळं विचारतात, आणि ते सेमिस्टरची सबमिशन्स सांभाळून स्वतःच वाचावं लागतं. हे जमवणारी मुलं असतात. पण ज्याला आजच सांगता येतंय की मला फिजिक्स हवंय, त्याने आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांची प्रवेशपरीक्षा, नेस्ट ही तशीच दुसरी प्रवेशपरीक्षा किंवा चांगल्या कॉलेजातली बीएस्सी सोडून चार वर्षं भलतीकडे का घालवावीत, याचं कारण त्या ढकलपत्रात कुठेच दिलेलं नाही.