सापेक्ष आर्द्रता

काल संध्याकाळी शेजारच्या मास्तरांनी माझ्या डब्यात बोट खुपसलं, चिमटीत चोळून बघितलं आणि निकाल दिला, "कोरडं आहे."

मीटरवर ९२ टक्के दिसत होते. मी मीटरकडे बोट दाखवलं. मास्तरांनी स्वतःचंच बोट दाखवलं.

डबा म्हणजे कॉर्न स्नेकच्या अंड्यांचा. बिनविषारी, अंगाने सडपातळ, स्वभावाने माझ्यापेक्षा शांत अशी ही मादी चौदा अंडी घालून मोकळी झाली. त्यानंतर तिने त्यांच्याकडे ढुंकून पाहिलेलं नाही. अजगराची मादी निदान वेटोळं घालून बसते. हिने सगळं बाळंतपण माझ्या गळ्यात घातलं. तापमान २८ अंश, मुदत साठेक दिवस, काल एकतिसावा. तापमानाचं काही नाही, ते यंत्र सांभाळतं. छळते ती आर्द्रता. सापाच्या अंड्याला कोंबडीसारखं कडक कवच नसतं, चामड्यासारखी लवचिक पिशवी असते. ती खालच्या ओल्या व्हर्मिक्युलाइटमधून (पाणी धरून ठेवणाऱ्या हलक्या खनिजाचे दाणे) आणि हवेतून पाणी पिते, फुगते, वजनाने वाढते. पाणी कमी पडलं की अंड्याला खळगा पडतो. जास्त झालं की बुरशी. शिवाय झाकणावर वाफ धरते आणि त्याचे थेंब नेमके अंड्यावर टपकतात, म्हणून झाकण तिरकं ठेवायचं. एवढी तब्येत मी स्वतःचीही सांभाळलेली नाही.

तर मास्तर. आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झालेले. आले होते शिडी मागायला. डबा बघून शिडी विसरले.

"या फुल्या कसल्या?"

प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने फुली होती. मी सांगणार, तेवढ्यात त्यांनी चष्मा वर केला. "चौदाच्या चौदा चूक?"

"अहो चूक नाही, वरची बाजू कळावी म्हणून."

"वरची बाजू? अंड्याला?"

"घातल्यावर दिवसभरातच आतला गर्भ वरच्या बाजूला चिकटतो. मग अंडं उलटलं तर तो दगावू शकतो."

मास्तर हसले. वर्गात 'ढ' मुलाने हात वर केल्यावर हसत असतील तसे. "आमच्याकडे कोंबड्या होत्या. कोंबडी दिवसातून कितीतरी वेळा अंडी उलटते. नाही उलटली तर पिल्लू कवचाला चिकटून मरतं."

"ते कोंबडीचं झालं."

"अंडं ते अंडं. आणि बरोबर असेल तर बरोबरची खूण करावी, फुली कशाला? बघणाऱ्याचं मन खचतं."

इथे माझा फोन वाजला. बँकेचं कर्ज नको आहे हे सांगायला मला जेमतेम एक मिनिट लागलं. परत आलो तर मास्तर समाधानाने हात पुसत होते. अकरा अंडी एकमेकांना चिकटलेली होती, म्हणून वाचली. सुटी तीन होती. त्या तिघांवरच्या फुल्या गायब!

"पुसल्यात?"

"छे, पुसतोय कशाला? उलटली. कोंबडी करते ते केलं."

मी काही बोललो नाही. श्वास रोखून तिन्ही अंडी हलक्या हाताने पूर्ववत केली. दिवे घालवून खालून टॉर्च लावली तर लाल शिरांचं जाळं दिसलं, म्हणजे अजून जीव होता. हे चाललेलं असताना मास्तरांनी डब्यात बोट घातलं आणि वर सांगितलेला निकाल दिला. मग शिडी घेऊन गेले.

राग उलटल्याचा होताच, पण झोप उडवली ती त्या बोटाने. कारण दोन अंड्यांना चार दिवसांपासून बारीक खळगा पडला होता आणि मी स्वतःला सांगत होतो, आकारच तसा असेल. फुटायची वेळ जवळ आली की खळगे पडतातच, पण ते शेवटी. एकतिसाव्या दिवशी ही सबब चालत नाही.

१७८३ साली सोस्यूर नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने माणसाच्या केसावर चालणारा आर्द्रतामापक लोकांपुढे मांडला. दमट हवेत केस लांबतो, कोरड्या हवेत आखडतो. असा एक मीटर घरी करावा म्हणून मी कंगवा तपासला. आधीच इतके केस आखडून गेलेत की शास्त्रासाठी एकही देववला नाही. मग रात्री अकरा वाजता मिठाची परीक्षा घेतली. झाकणात मीठ घेऊन ओल्या वाळूइतकं भिजवायचं, ते मीटरसोबत हवाबंद डब्यात रात्रभर ठेवायचं. आत आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मिठाला कुणाची भीड नसते.

सकाळी मीटर म्हणाला, ८८.

तेरा टक्के थापा! सरळ वजाबाकी केली तर माझे ९२ म्हणजे ७९. महिनाभर मी या यंत्राचा आकडा अभिमानाने येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होतो, आणि दाखवताना दर वेळी झाकण उघडून होती ती वाफही घालवत होतो. सापेक्ष आर्द्रता म्हणतात तिला. शब्दात साप पहिला येतो, अपेक्षा नंतर, हे माझ्या आत्ता लक्षात आलं. खरं तर पहिल्या दिवशी डब्याचं वजन लिहून ठेवायला हवं होतं. जेवढं घटलं तेवढं पाणी, हिशेब संपला. ते न करता मी नव्वद पलीकडच्या आकड्यावर भाळलो.

सिरिंजने कोमट पाणी कडेकडेने सोडलं, अंड्यांवर थेंबही न पडू देता. दुपारपर्यंत खळगे जरा भरल्यासारखे वाटले. वाटले म्हणतोय, कारण आता माझा माझ्या डोळ्यांवरही विश्वास नाही.

पण मला बोचतंय ते वेगळंच. तीन अंडी उलटणारा माणूस कोरडेपणाबद्दल बरोबर निघाला, म्हणून त्या तीन अंड्यांचा विषयच आता काढता येत नाही. एका बरोबर उत्तरावर मागच्या चुका माफ, असं त्यांच्या वर्गात तरी चालत होतं का? आणि बरोबर तरी कशावरून? बोटावरून! आपण मीटर घ्यायचा, बारीक अक्षरातली माहितीपत्रकं वाचायची, आणि यांनी बोट घालायचं.

संध्याकाळी शिडी परत करायला आले. "मग? कोरडं होतं ना?"

"थोडं," मी म्हणालो.

"थोडं म्हणजे किती?"

मी शिडी आत नेली.

बाहेर आलो तर ते पारदर्शक झाकणाला नाक लावून उभे होते. सुट्या तीन अंड्यांवर मी आता फुलीऐवजी पेन्सिलीने 'वर' असं लिहिलंय, कुणाचाही गैरसमज नको म्हणून. मास्तरांनी ते बराच वेळ वाचलं.

"'व'चं पोट नीट गोल नाही आलं," म्हणाले.