नगरसेवकांना त्यांच्या आठवणी विचारायला हव्यात

15 जानेवारी 2026 रोजी राज्यातील 29 महापालिकांसाठी मतदान झाले आणि मार्च 2022 पासून प्रशासकाच्या हाती असलेल्या पुण्याला पुन्हा लोकनियुक्त नगरसेवक मिळाले. 41 प्रभाग, 165 नगरसेवक. बहुतेक प्रभागांत चार सदस्य असल्यामुळे आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाचे आज एक नव्हे, तर चार प्रतिनिधी आहेत. या चौघांची नावे सांगता येणारे नागरिक आपल्या सोसायटीत किती सापडतील, याचा विचार केला की मन अस्वस्थ होते. फ्लेक्सवरचे चेहरे ओळखीचे झालेले असतात, पक्ष ठाऊक असतो, वाढदिवसाची तारीखही नकळत पाठ झालेली असते. पण हा माणूस कोणत्या रस्त्याने शाळेत जात होता, त्याच्या घरी पाणी कुठून येत होते, शहरातली कोणती जागा त्याला मनापासून प्रिय आहे, यांपैकी काहीही आपल्याला माहीत नसते. माझे स्पष्ट मत आहे की हे प्रश्न आपण जाहीरपणे आणि गांभीर्याने विचारले पाहिजेत.

उमेदवाराविषयीची कायदेशीर माहिती आपल्याला मिळते, हे मी जाणतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 आणि 2003 च्या निकालांमुळे उमेदवाराची मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि त्याच्यावरील गुन्हे जाणून घेण्याचा मतदाराचा हक्क भक्कम झाला, आणि स्थानिक निवडणुकांतही उमेदवाराला तसे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्या कागदाचे मोल मी कमी लेखत नाही. मात्र नगरसेवकाचे काम आमदार-खासदारांच्या कामापेक्षा वेगळे आहे. ते एका ठरावीक भूभागाशी, तिथल्या गल्ल्या, नाले, मैदाने, मंडई, दवाखाने आणि स्मशानभूमी यांच्याशी बांधलेले आहे. त्या भूभागाची त्याला असलेली ओळख हीच त्याची पात्रता असते, आणि ती प्रतिज्ञापत्राच्या कोणत्याही रकान्यात मावत नाही.

आवडीनिवडी विचारणे म्हणजे हलकाफुलका करमणुकीचा प्रकार, असा आपला समज झाला आहे. आवडता नट कोण, आवडता रंग कोणता, असे विचारून मुलाखत संपवली जाते आणि वाचकही ती विसरून जातो. प्रश्न थोडा पुढे नेला, तर त्याच आवडी फार बोलक्या होतात. आवडता पदार्थ विचारल्यावर तो तुम्ही कोठे खाता, असेही विचारावे. उत्तर एखाद्या हातगाडीचे आले, तर पथविक्रेत्यांसाठीच्या 2014 च्या कायद्याविषयी आणि त्या गाडीवाल्याला आजवर अधिकृत परवाना मिळाला आहे का, याविषयी बोलण्याचा मार्ग आपोआप मोकळा होतो. आवडती बाग विचारावी आणि तिथे शेवटचे कधी गेलात, हेही विचारावे. शहरातला आवडता रस्ता विचारावा आणि तो पायी चालता येतो का, हे पाहावे. अशा वेळी माणूस भाषण करत नाही. तो आठवून बोलतो, आणि आठवून बोलणाऱ्या माणसाला पुढे त्याच गोष्टीबद्दल जाब विचारता येतो.

पुण्यातल्या आंबील ओढ्याचे उदाहरण घेतो. कात्रजच्या डोंगरात उगम पावणारा हा ओढा सहकारनगर, दांडेकर पूल अशा दाट वस्तीतून वाहत मुठेला मिळतो. पेशवाईत नानासाहेबांनी तो वळवला आणि पर्वतीच्या पायथ्याशी तळे बांधले. आजची सारसबाग त्याच तळ्याच्या जागी आहे. म्हणजे या ओढ्याचा इतिहास शहराच्या इतिहासाइतकाच गुंतागुंतीचा आहे. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री त्याला पूर आला, सीमाभिंती कोसळल्या, काठच्या वस्त्यांमध्ये माणसे दगावली, वाहने आणि संसार वाहून गेले. त्यानंतर पात्र किती आक्रसले, पुलांखाली राडारोडा किती साठला होता, काठावर बांधकामांना परवानगी कोणी दिली, यांवर पुष्कळ लिहिले गेले. मला त्या चर्चेत एक प्रश्न सतत कमी वाटत राहिला. या काठावर लहानाचे मोठे झालेले जे लोक पुढे महापालिकेत निवडून गेले, त्यांना ओढ्याची मूळ रुंदी आठवत होती का? आठवत असेल, तर विकास आराखडा समोर आला तेव्हा ते काय बोलले? आणि आठवत नसेल, तर त्यांनी ती आजूबाजूच्या म्हाताऱ्या माणसांना विचारली होती का? नकाशावर निळी रेघ सारखीच दिसते. पावसाळ्यात पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढत असे, हे तिथे राहिलेल्या माणसालाच ठाऊक असते.

मार्च 2022 नंतरच्या प्रशासकीय कारभाराविषयी मला जी खंत वाटते, तीही याच कारणाने. प्रशासक कार्यक्षम असू शकतात, अनेकदा असतातही. पण सेवेच्या नियमानुसार ते आज एका शहरात तर उद्या दुसऱ्या शहरात असतात. जवळजवळ चार वर्षे महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांचे अर्थसंकल्प ज्यांनी मंजूर केले, त्यांचे बालपण त्या शहरांत गेले असण्याचे काही कारण नव्हते.

आठवण कामात उतरते तेव्हा काय घडते, याची उदाहरणे आपल्याकडे आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव एके काळी पहिलवानांसाठी ओळखले जात होते. 1972 च्या दुष्काळानंतर ते खचले, माणसे कामासाठी बाहेर पडली, दारू वाढली. 1989 च्या सुमारास सरपंच झालेले पोपटराव पवार शिकलेले होते आणि क्रिकेटपटू होण्याची आस बाळगून होते, तरीही गावाने त्यांना परत बोलावून घेतले. पुढचे पाणलोटाचे काम, पाण्याचा ताळेबंद, शेतीसाठी कूपनलिका न घेण्याचा गावाचा निर्णय, हे सर्व सर्वश्रुत आहे. माझ्या मते त्या सगळ्यामागे गाव पूर्वी कसे होते याची जिवंत आठवण होती, आणि आपण कोठवर परत जायचे आहे याचे माप त्या आठवणीने दिले. समाजवादी नेत्या मृणाल गोरे 1961 मध्ये मुंबई महापालिकेत निवडून आल्या, गोरेगावच्या पाण्यासाठी लढल्या आणि लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हटले. ते नाव कोणा जाहिरात संस्थेने दिलेले नव्हते. ही बाई आपल्या घरातल्या रिकाम्या हंड्याविषयी बोलते आहे, हे गोरेगावच्या बायकांना ओळखू आले होते.

बायकांचा उल्लेख आला म्हणून मला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या मुद्द्याकडे वळतो. 2011 पासून महाराष्ट्रातल्या स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. तरीही ‘सरपंच पती’ हा प्रकार गावोगाव चालू आहे, आणि शहरांतही संपर्क कार्यालयात गेल्यावर नगरसेविकेऐवजी तिचे यजमान, दीर किंवा चिरंजीव खुर्चीवर बसलेले दिसतात. निधी किती आला, काम कोणाला दिले, रस्ता कधी होणार, या प्रश्नांची उत्तरे हे गृहस्थ सराईतपणे देतात आणि आपणही ती मुकाट्याने स्वीकारतो. परंतु तुम्ही लहानपणी पाणी कोठून भरत होता, शाळा का सुटली, मंडईत दिवसभर बसणाऱ्या बाईची लघवीची सोय काय होती, संध्याकाळी कोणत्या गल्लीतून एकटीने जायची भीती वाटत होती, या प्रश्नांची उत्तरे तिच्या वतीने दुसरा कोणीही देऊ शकत नाही. तिथे यजमानांना थांबावेच लागते आणि तिला बोलावेच लागते.

आमच्या भागातल्या एका माजी नगरसेविकेने एका कार्यक्रमात असेच काही सांगितले होते. वाड्यातल्या एका नळावर सगळी बिऱ्हाडे पाणी भरत असत, नळाला पाणी पहाटे येई, आणि ज्या घरात शाळेत जाणारी मुलगी असे त्या घराची रांग तीच धरत असे, त्यामुळे पहिल्या तासाला तिला डुलकी लागायची. अंदाजपत्रकावरच्या तिच्या कोणत्याही भाषणापेक्षा मला या बोलण्यातून ती अधिक समजली. सभागृहात पाणी सोडण्याच्या वेळापत्रकाचा आग्रह ती इतक्या चिकाटीने का धरत असे, याचाही उलगडा झाला. मैदान म्हटले की पुरुष सदस्यांना क्रिकेट आठवते. त्याच मैदानाच्या कडेने घाईघाईने घरी जाणाऱ्या मुलीला तिथला बंद पडलेला दिवा आठवतो. दोन्ही आठवणी खऱ्या आहेत. आजवर आराखड्यात उतरल्या त्या मात्र बहुतेक पहिल्याच.

यावर आक्षेप येतील आणि ते रास्त आहेत. गरिबीच्या आठवणी सांगून मते मिळवणे ही राजकारणातली जुनी रीत आहे. म्हणून आठवण ऐकून भारावून जाण्याऐवजी तिच्या शेजारी मुख्यसभेतली हजेरी, विचारलेले प्रश्न आणि प्रभागात झालेला खर्च ठेवून पाहिला पाहिजे. ज्या तळ्यात पोहायला शिकलो असे कोणी सांगतो, त्या तळ्यात सांडपाणी सोडले जात असताना तो गप्प बसला असेल, तर त्याचेच शब्द त्याच्यासमोर ठेवता येतात. दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. आठवणींना मान दिला की ‘मूळचे’ आणि ‘बाहेरचे’ असा भेद माजेल, अशी भीती काही मित्रांनी बोलून दाखवली. मराठवाड्यातून कामासाठी आलेल्या, पत्र्याच्या खोलीत पहिली रात्र काढलेल्या आणि आज निवडून आलेल्या माणसाची आठवण पेठेत जन्मलेल्या माणसाच्या आठवणीइतकीच या शहराची आहे. भाड्याची खोली मिळवताना, शिधापत्रिकेवर नाव चढवताना, मुलाला महापालिकेच्या शाळेत घालताना काय सोसावे लागते, हे त्याला ठाऊक असते. त्याला हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. मात्र कोणाची जात, धर्म, आजारपण किंवा घरातली भांडणे विचारण्याचा अधिकार आपल्याला नाही, आणि तेथे आपण थांबलेच पाहिजे.

हे कोठे विचारायचे? गावात ग्रामसभा आहे, आणि तिच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. शहरांसाठी क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागातल्या छोट्या भागातील मतदारांच्या सभेची, तरतूद झाली, परंतु ती कागदावरच राहिली. म्हणून तूर्त गणेशोत्सवाचा मांडव, सोसायटीची वार्षिक सभा, ज्येष्ठ नागरिक संघ, शाळेचा माजी विद्यार्थी मेळावा आणि सार्वजनिक वाचनालय या जागा वापराव्या लागतील. माझी सूचना आहे की प्रत्येक प्रभागातील वाचनालयाने आपल्या चारही सदस्यांना निवडणुकीनंतरच्या पहिल्या वर्षात एकदा बोलावावे, हारतुरे आणि सत्कार वगळून तासभर फक्त आठवणी आणि आवडत्या जागा यांविषयी बोलते करावे, ते बोलणे लिहून काढावे आणि सदस्याची सही घेऊन वाचनालयात सर्वांना वाचायला ठेवावे. आमच्या प्रभागातल्या चौघांना मी या आठवड्यात असे पत्र देणार आहे. त्यात पहिला प्रश्न ओढ्याचा आहे, दुसरा ते शिकलेल्या शाळेचा आणि तिसरा त्यांच्या भागातल्या अशा एका जागेचा, जी त्यांच्या लहानपणी होती आणि आता नाही. ती जागा कोणत्या वर्षी, कोणत्या ठरावाने गेली, हे शोधून काढण्याचे काम आपल्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी माझ्यासोबत करावे, अशी विनंती आहे.