भिंतीला तुंबड्या

‘चालत जा’ या डॉक्टरी सल्ल्याची पुण्यात एक अडचण आहे. टेकडीवर गेलं की ओळखीचे भेटतात, भेटले की गप्पा होतात आणि गप्पा झाल्या की उतरल्यावर मिसळ होते. मी टेकडी नियमाने केली आणि वजन नियमाने वाढलं. दोराला लटकलेल्या माणसाला मिसळ खाता येत नाही, या एका निकषावर मी कृत्रिम भिंतीवरचं प्रस्तरारोहण निवडलं. फीची पावती बघून आई म्हणाली, “भिंतीला तुंबड्या लावायचे पैसे देऊन आलास?”

पहिला व्यायाम हार्नेस, म्हणजे दोर अडकवायचे पट्टे, घालण्याचा. त्याचा पट्टा कमरेच्या हाडांच्या वर, पोटाच्या सगळ्यात बारीक भागावर आवळायचा असतो, म्हणजे माणूस उलटा झाला तरी त्यातून निसटत नाही. शिकवणारी मुलगी पट्टा हातात धरून माझ्या पोटाचा बारीक भाग शोधत राहिली. शेवटी तिने एक जागा ठरवली. मीही हरकत घेतली नाही.

मग बूट. हे मोजे न घालता, बोटं आत दुमडतील इतके घट्ट घालतात, कारण उभं राहायचं ते अंगठ्याच्या टोकावर. ते चढवताना मला जेवढा घाम आला, तेवढा पुढे भिंतीवरही आला नाही. आणि शेजारी सात-आठ वर्षांची पोरं पालीसारखी सरसर वर जाऊन, वरच्या कडीला टपली मारून खालीसुद्धा येत होती. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ साली सॅम वॉटसन १५ मीटरची भिंत ४.७४ सेकंदांत चढला. तेवढ्या वेळात मी हाताला चॉक, म्हणजे घाम टिपणारी पांढरी पूड, लावतो. पुन्हा लावतो. चॉक लावण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

“काका, हात सरळ ठेवा! पायांनी ढकला!” खालून सूचना येतात. शास्त्र सोपं आहे. कोपरं वाकवून लटकलात तर सगळा भार दंडावर येतो. हात सरळ सोडले की हाडं भार घेतात आणि वर न्यायचं काम पाय करतात. पण जमीन सुटली की शास्त्रही सुटतं. मी प्रत्येक होल्ड, म्हणजे भिंतीवरची पकडायची खुंटी, उधारी बुडवून पळणाऱ्याची कॉलर धरावी तसा धरतो. बोटं आवळणारे मोठे स्नायू असतात कोपर आणि मनगटाच्या मध्ये. ते थोड्याच वेळात टम्म फुगतात आणि मग बोटं मालकाचं ऐकत नाहीत. भिंतीवरची मंडळी याला ‘पंप झालं’ म्हणतात. घरी आल्यावर लोणच्याची बरणी उघडत नाही आणि टूथपेस्ट दोन्ही तळहातांमध्ये दाबून काढावी लागते. लोणचं कमी झालं, हा पहिला फायदा.

आई मात्र ढिम्म. “हिरकणीने कुठे पट्टे बांधले होते रे?” तिला सांगितलं, की हिरकणी रायगडाचा कडा उतरली आणि उतरणं तर चढण्याहून अवघड, कारण पाय कुठे ठेवायचा तेच दिसत नाही. “तेच म्हणतेय मी,” आई म्हणाली.

बिले द्यायला, म्हणजे खाली उभं राहून वरच्या कडीतून आलेला माझा दोर सांभाळायला, बायको येते. नियम एकच, ब्रेकचा हात दोरावरून सुटता कामा नये. तिचा सुटत नाही. मात्र तिचं वजन माझ्या दोन तृतीयांश आहे, हे भौतिकशास्त्राने आम्हाला सगळ्यांसमोर समजावलं. निळ्या होल्डच्या रूटवर, म्हणजे वाटेवर, माझा पाय शिलाई मशीनसारखा थरथरायला लागला आणि मी सुटलो. दोर जरा सैल होता, तो ताणला गेला. मी खाली येत होतो आणि बायको वर. मध्यावर आमची गाठ पडली.

“गॅस बंद केला होतास ना?” तिने विचारलं.

तेव्हापासून तिला जमिनीतल्या कडीला बांधतात.

या व्यायामाने मन एकाग्र होतं म्हणतात, ते खरं आहे. भिंतीवर ऑफिस आठवत नाही, हप्ते आठवत नाहीत, फोनला हात लावता येत नाही. पण माझ्या एकाग्रतेचा खरा फायदा झाला तो बायकोला. मी पुढचा होल्ड चाचपडत असतो आणि खालून शांत आवाज येतो, “शनिवारी आत्याकडे जायचंय, हं.” दोर समोरच्याच्या हातात असला, की आत्याकडे न जाण्याची कारणं सुचत नाहीत. पडदे बदलायचं, मेहुण्याची गाडी घ्यायची नाही, हे सगळं जमिनीपासून आठ मीटरवर ठरलेलं आहे.

वजन? थोडं उतरलंय. झोप उत्तम लागते. आता लोणावळ्याच्या नागफणीला जायचं, असं त्या शिकवणाऱ्या मुलीचं टुमणं सुरू झालंय. सह्याद्रीचा बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षं थांबलाय, आणखी थोडा थांबेल.

घरात मात्र कुणी थांबत नाही. दिवाळीची साफसफाई निघाली तशी बायको माळ्याकडे बघून म्हणाली, “एवढी भिंत चढतोस, तर ती पितळी पातेली काढून दे.”

“माळ्याला होल्ड नसतात,” मी म्हणालो.

“स्टूल आहे,” ती म्हणाली. “आणि मी खाली धरते की. तेवढ्यात मला जरा बोलायचंही होतं.”