शून्य मार्कांना पास

सीआय सर्व्हरवर, म्हणजे टीमचा कोड आपोआप तपासणाऱ्या सर्व्हरवर, बिल्ड टास्क लावायचं काम माझ्या गळ्यात पडलं, ते 'तासाभराचं तर काम आहे' या वाक्यासकट. हे वाक्य म्हणणाऱ्याने ते काम आयुष्यात कधी केलेलं नसतं, हा माझा अनुभव.

कल्पना तशी देखणी आहे. कोणी कोड पुश केला की सर्व्हरने तो आपणहून उचलावा, बिल्ड करावा, म्हणजे त्यातून चालता प्रोग्राम बनवावा, टेस्ट चालवाव्यात आणि हिरवं (पास) की लाल (नापास) ते सांगून मोकळं व्हावं. २०११ मध्ये हडसन या सीआय सॉफ्टवेअरपासून वेगळ्या झालेल्या जेनकिन्सच्या लोगोत तर चक्क बो टाय लावलेला, हातावर फडका टाकलेला बटलर आहे. आमचा सर्व्हर वेगळा, पण अदब तीच. सांगितलेलं सगळं करणार, न सांगितलेलं मेला तरी करणार नाही.

सुरुवात यॅमलपासून, म्हणजे सर्व्हरला कामं लिहून द्यायच्या फाइलच्या भाषेपासून. इथे सगळा संसार स्पेसवर चालतो. इंडेंटसाठी चुकून टॅब पडला की बोलणीच फिसकटली. पायथनची आवृत्ती ३.१० हवी म्हणून तसं लिहिलं, तर पठ्ठ्या ३.१ शोधत बसला. दशांशातल्या शेवटच्या शून्याला किंमत नसते, हे गणिताने बरोबरच आहे. बरोबर असतं म्हणूनच जास्त संताप होतो. अवतरणचिन्हं घातली, तेव्हा कुठे साहेबांना पटलं.

मग स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने चालवायच्या कमांडची फाइल. प्रत्येक कमांड संपताना निकालाचा एक आकडा देते. या जगात शून्य मिळालं की पास, बाकी काहीही मिळालं तरी नापास. शिवाय नापासातही पोटजाती. १२७ म्हणजे कमांड सापडलीच नाही. १२६ म्हणजे सापडली, पण चालवायची परवानगी नाही. स्क्रिप्ट विंडोजवरून कमिट झालेली, त्यामुळे एक्झिक्यूट करायची परवानगी गिटमध्ये, म्हणजे कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या वहीत, चढलीच नव्हती. ती दिली, तर १३७. म्हणजे कोणीतरी प्रोसेस ठार मारली. हे 'कोणीतरी' बहुतेक वेळा मेमरी संपल्यावर जागा झालेला कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, असतो, पण लॉगमध्ये तो सही करत नाही. नुसतं 'किल्ड'. पुढे काही नाही.

रात्रीचं बिल्ड क्रॉनने, म्हणजे ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या वेळापत्रकाने, लावलं. पाच रकाने, त्यांत ताऱ्यांची रांगोळी. सर्व्हरचं घड्याळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर, त्यामुळे आमची मध्यरात्र पहाटे साडेपाचला उजाडली. ते निस्तरलं.

तरी एक गोष्ट खटकत होती. जुना टास्क, जो बदलून मी हा नवा लावत होतो, तो सदैव हिरवा. एवढं आरोग्य संशयास्पद असतं. स्क्रिप्ट उघडली. टेस्टच्या ओळीच्या शेवटी दोन उभ्या रेघा आणि 'ट्रू'. म्हणजे टेस्ट पडो, झडो, निकाल शून्यच. शेजारी कॉमेंट: 'तात्पुरतं'. कॉमेंट लिहिणारा केव्हाच दुसरीकडे रुजू झालेला.

नव्या टास्कमध्ये ती शेपटी घेतली नाही. बिल्ड चालू केलं. पान खालपासून वरपर्यंत लाल. सर्व्हरने तत्परतेने सगळ्या टीमला ईमेल पाठवली, आणि मॅनेजर खुर्ची सरकवत माझ्याकडे आले.

"काल तर सगळं हिरवं होतं. तुम्ही नक्की काय केलंत?"